मोहफुलाला जाताना पाठ कशी राखायची

मार्च लागला की आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडच्या बाया पहाटेच टोपल्या घेऊन मोहाखाली जातात. मे महिन्यात तेंदूपत्ता, म्हणजे विडीची पानं. दोन्ही कामं वाकून, नाहीतर बसून करायची. वाघ दबा धरून मागून येतो आणि मानेला धरतो. खाली बसलेली बाई त्याला माणसासारखी दिसतच नाही, तिची उंची जनावराएवढी होते. म्हणून आमच्या टोळीत मी एक नियम लावला आहे: चार जणी वाकल्या की पाचवी उभी राहणार. तिच्या हातात टोपली नाही, काठी असते. झाडाच्या खोडाला पाठ लावून ती बाकीच्यांच्या मागचं झुडूप बघते आणि सारखी बोलत राहते. थोड्या वेळानं पाळी बदलायची.

खरी अडचण मजुरीची आहे. उभी राहिली तिची टोपली रिकामी, मग कोण राहील उभी? तेव्हा घरून निघायच्या आधीच ठरवा की सगळ्यांचा मोह एका ढिगात टाकायचा आणि सारखा वाटायचा. हे बोलणं झालं नसेल तर बाकी सगळे उपाय कागदावर राहतात. मी हे दरवर्षी नव्या सुनांना पहिल्याच दिवशी सांगते, आणि त्यांच्या सासवांसमोर सांगते.

अंधारात जायची घाई कशाची? दुसरी कुणी आपला मोह वेचून नेईल याची. गावात बसून झाडं वाटून घ्या, मग दिवस चांगला वर आल्यावर निघता येतं. झाडाखाली जुन्या साड्या किंवा जाळी अंथरा. फूल साडीवर पडतं, चार कोपरे धरून गोळा होतं, एकेक वेचत बसावं लागत नाही. पालापाचोळा पेटवून जागा साफ करू नका, तीच आग जंगलात शिरते. तेंदूचंही तसंच. पानं तोडा, गठ्ठा बांधा आणि घरी या. ७० पानांचा पुडा आपल्या ओसरीत बसून बांधायचा असतो, जंगलात नाही.

कान उघडे ठेवा. मोबाईलवर गाणी नकोत. झाडावरची वानरं एकाच दिशेला बघत खाकरू लागली, चितळ पुन्हा पुन्हा ओरडू लागलं, तर काम तिथंच सोडा आणि सगळ्या मिळून आल्या वाटेनं मागं फिरा. मेलेलं जनावर दिसलं किंवा सडका वास आला तरी तेच. ते कुणाचं आहे हे बघायला जवळ जाऊ नका.

वाघ समोर दिसलाच तर पळू नका, पाठ फिरवू नका आणि पाय कितीही लटपटले तरी खाली बसू नका. एकमेकींना चिकटून उभ्या राहा, टोपल्या डोक्यावर उंच धरा, मोठ्यानं बोला आणि त्याच्याकडे तोंड ठेवून एकेक पाऊल मागं या. त्याची निघायची वाट अडवू नका. बछडे दिसले तर अजिबात थांबू नका, आई जवळच असते. आणि त्यानं कुणाला धरलंच, तर मेल्याचं सोंग चालत नाही. धरलेलीनं हातपाय मारायचे, बाकीच्यांनी एकत्र येऊन आरडाओरडा करत काठ्या चालवायच्या. २०१८ साली भंडारा जिल्ह्यात एका तरुण मुलीनं शेळीसाठी घराबाहेर येऊन काठीनं वाघाला तोंड दिलं आणि ती वाचली. तिच्या धाडसाला माझा नमस्कार आहे. पण शेळीची भरपाई वनखातं देतं, त्यामुळे माझ्या पोरीला मी दार लावून घ्यायलाच सांगीन.

अस्वलाची रीत वेगळी. मोह त्यालाही आवडतो, आणि खाण्यात गुंग असलं की तुम्ही अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही. दचकलं की अंगावर येतं. म्हणून बोलत, काठी आपटत चाला. झाडावर चढून उपयोग नाही, तेही चढतं. अंगावर आलंच तर पालथं पडा, तोंड मातीत घाला आणि दोन्ही हात मानेमागं घट्ट गुंफा. अस्वल चेहरा फाडतं.

रानात जायच्या आधी दोन नंबर मोबाईलमध्ये घाला: वनखात्याचा १९२६ आणि रुग्णवाहिकेचा १०८. रेंज कुठं मिळते ती जागा, बोडीची (लहान तळ्याची) पाळ असो की टेकडीचा माथा, टोळीतल्या प्रत्येकीला माहीत पाहिजे. जखमेतून रक्त वाहत असेल तर स्वच्छ लुगड्याची घडी घट्ट दाबून धरा, गाडी येईपर्यंत हात काढू नका. साप चावला तर कापू नका, चोखू नका, दोरीनं करकचून आवळू नका. बांगड्या, जोडवी काढा, तो हात किंवा पाय फळी बांधून हलू देऊ नका आणि ज्या दवाखान्यात सापाची लस आहे तिथं सरळ न्या. मांत्रिकाकडे एक घटकाही घालवू नका. मण्यार चावल्याचं तर बहुतेकदा दुखतही नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाचं रात्री पोट दुखू लागलं, पापण्या जड झाल्या, तर साप दिसला नसला तरी गाडी बोलवा.