आउटबॅकमधले पूर्वज शोधताना या चुका टाळा

ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखात, म्हणजे आउटबॅकमध्ये, १९व्या शतकात मेंढ्या-गुरांची अफाट कुरणं वसली. तिथे त्यांना ‘स्टेशन’ म्हणतात. अशा स्टेशनावरच्या घराण्याची वंशावळ जुळवताना बहुतेक जण थेट आडनावाने शोध सुरू करतात आणि भलत्याच माणसापाशी पोचतात. आधी जागा आणि वर्ष पक्कं करा, मग माणूस शोधा.

आजचा नकाशा समोर ठेवणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. व्हिक्टोरिया १ जुलै १८५१ रोजी आणि क्वीन्सलँड १० डिसेंबर १८५९ रोजी न्यू साउथ वेल्स या ब्रिटिश वसाहतीपासून वेगळ्या वसाहती झाल्या. म्हणून १८५० साली, आज क्वीन्सलँडमध्ये असलेल्या डार्लिंग डाउन्स भागात राहणाऱ्या कुटुंबाचा माग आधी न्यू साउथ वेल्सच्या राजधानीच्या, सिडनीच्या दप्तरात काढायचा. नॉर्दर्न टेरिटरी १८६३ ते १९११ साउथ ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात होती, त्यामुळे तिथल्या जमिनीसाठी त्या वसाहतीची राजधानी असलेल्या अ‍ॅडलेडचं दप्तर पाहावं लागतं. शिवाय ही घराणी एका जागी टिकली नाहीत. ड्युरॅक हे कुरणदार कुटुंबच पाहा: गोल्बर्न (न्यू साउथ वेल्स), मग १८६८ पासून थायलंगरा (क्वीन्सलँड) आणि १८८३ ते १८८५ गुरं हाकत किम्बर्ली (वेस्टर्न ऑस्ट्रेलिया). एका वंशावळीसाठी तीन वसाहतींची दप्तरं.

जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणीही सगळीकडे एकाच वेळी सुरू झाली नाही. साउथ ऑस्ट्रेलियात १८४२, व्हिक्टोरियात १ जुलै १८५३, न्यू साउथ वेल्समध्ये १ मार्च १८५६. त्याआधीचं काही हवं असेल तर चर्चची बाप्तिस्मा-नोंदवही. पाद्री फिरतीवर असत, वर्ष-दोन वर्षांनी एकदा येत; एकाच दिवशी तीन भावंडांचा बाप्तिस्मा दिसला तर ती तिळी नव्हेत. बाप्तिस्म्याची तारीख जन्मतारीख म्हणून लिहू नका.

जनगणनेची घरोघरची पत्रकं शोधण्यात वेळ घालवू नका. न्यू साउथ वेल्सची १८२८ची गणना टिकली आहे, पण नंतरच्या बहुतेक गणनांची पत्रकं ठेवलेलीच नाहीत. त्याऐवजी ‘ट्रोव्ह’ या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या मोफत संग्रहातली जुनी वर्तमानपत्रं वाचा.

आता जमिनीचे कागद. घोळ खरा इथे होतो. ‘रन’ म्हणजे सरकारकडून भाड्याने घेतलेली चराईची जमीन. एका स्टेशनात असे अनेक रन असू शकतात. न्यू साउथ वेल्समध्ये १८३६ च्या कायद्याने वस्तीसाठी ठरवलेल्या हद्दीबाहेर चराईला वर्षाला १० पौंडांचा परवाना लागू लागला. १८४७ च्या हुकमांनी दूरच्या भागांत १४ वर्षांपर्यंतचे पट्टे मिळू लागले, भाडं ४,००० मेंढ्यांमागे किमान १० पौंड. त्यासाठीचे दावे १८४८ पासून सरकारी राजपत्रात छापले गेले: दावेदार, रनचं नाव, अंदाजे क्षेत्र, किती जनावरं पोसता येतील आणि चतुःसीमा. चतुःसीमेत शेजाऱ्यांची नावं असतात, ती उतरवून घ्या. रनच्या नावाचं स्पेलिंग दर नोंदीत बदललं, तरी शेजारी आणि ओढा यांवरून जागा ओळखता येते. मात्र पट्ट्यावर नाव असलेला माणूस तिथे राहतच होता असं धरू नका. पट्टाधारक बँक किंवा शहरातला भागीदार असे आणि स्टेशन व्यवस्थापक चालवत असे. वर्तमानपत्रात ‘अमुक स्टेशनचे मिस्टर तमुक’ असं आलं, तरी तो मालक की पगारी माणूस हे तपासाच.

न्यू साउथ वेल्समध्ये १८६१ च्या रॉबर्टसन कायद्याने कुणालाही ४० ते ३२० एकर सरकारी जमीन एकरी १ पौंडाने, चौथाई रक्कम आधी भरून, निवडता येऊ लागली. आपले रन हातचे जाऊ नयेत म्हणून मोठ्या कुरणदारांनी मग मेंढपाळांच्या आणि नातलगांच्या नावावर जमिनी घेतल्या. आपल्याकडच्या बेनामी व्यवहारासारखंच हे. नोंदीत मेंढपाळाचं नाव दिसलं की तो जमीनदार झाला असं समजू नका.

मृत्यूच्या दाखल्यावर आईवडील, मुलं आणि वसाहतीत किती वर्षं काढली हे सापडतं. त्यावरून आगमनाचं साल काढता येतं. पण माहिती देणारा कोण ते आधी बघा. स्टेशनच्या व्यवस्थापकाने सांगितलेलं आईचं नाव चुकीचं असणं अगदी शक्य आहे.

‘पहिले वसाहतदार’ म्हणजे पहिले रहिवासी नव्हेत. ही जमीन आदिवासी समाजांची होती आणि ताबा अनेकदा हिंसेने घेतला गेला. न्यू साउथ वेल्समधल्या मायल क्रीक इथलं आदिवासींचं हत्याकांड १० जून १८३८ चं. पुढे स्टेशनांची बरीच कामं आदिवासी स्त्री-पुरुषांनीच केली, पण हिशेबवहीत त्यांचं फक्त मालकाने ठेवलेलं इंग्रजी नाव येतं, आणि गोऱ्या बापाच्या मुलांच्या दाखल्यात बापाचा रकाना कोरा असतो. तो कोरा रकाना अंदाजाने भरू नका. आदिवासी समाजांचा अभ्यास करणाऱ्या कॅनबेराच्या ‘आयात्सिस’ (AIATSIS) संस्थेची मार्गदर्शिका घ्या आणि त्या समाजाची परवानगी घेऊनच पुढे जा.

उंटांनी माल वाहणारे ‘अफगाण’ही सगळे अफगाणिस्तानचे नव्हते. १८६६ साली साउथ ऑस्ट्रेलियातल्या बेल्टाना स्टेशनासाठी उंट आणि त्यांचे चालक कराचीहून आले, आणि सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता. असा पूर्वज असेल तर मुंबईच्या राज्य अभिलेखागारातली इलाख्याची दप्तरंही पाहा. १९०१ नंतर मायदेशी जाऊन परत येणाऱ्यांना घ्याव्या लागलेल्या, प्रवेशाच्या श्रुतलेखन परीक्षेतून सूट देणाऱ्या दाखल्यांवर अनेकदा फोटो आणि हाताचा ठसा असतो. ते ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. नावाचं स्पेलिंग चार प्रकारे शोधा: महोमेट, मोहमद, मोहम्मद, माहोमेद.