कुत्र्या-मांजराच्या कानात इन्फेक्शन झालंय हे कसं ओळखायचं

पावसाळ्यात लॅब, कॉकर असे लोंबत्या कानांचे कुत्रे सारखे कान खाजवायला लागले की आपण म्हणतो पिसवा झाल्या असतील. असतीलही, पण आधी कान हुंगून बघा. खरंच, कानाची पाळी उलटी करून नाक जवळ न्या. चांगल्या कानाला फारसा वास येत नाही, आतली कातडी फिकट गुलाबी असते आणि थोडासा तपकिरी मळ असला तरी चालतो. कुबट, आंबूस वास येत असेल आणि मळ तपकिरी, चिकट असेल तर बहुतेक यीस्ट (एक प्रकारची बुरशी) असतं, पिवळट-हिरवट पू आणि घाण वास असेल तर बॅक्टेरिया असण्याची शक्यता जास्त, पण हे नुसत्या डोळ्यांनी नक्की कळत नाही, दोन्ही एकत्रही असतात.

मांजराचं जरा वेगळं. विशेषतः रस्त्यावरून आणलेलं पिल्लू असेल आणि कानात कॉफीच्या पावडरीसारखा काळा, कोरडा भुगा दिसला तर इअर माइट्सचा संशय घ्या. हे किडे फार बारीक असतात, जेमतेम पांढरे ठिपके दिसले तर दिसले. आणि ते एकाकडून दुसऱ्याकडे जातात, त्यामुळे घरातल्या सगळ्या मांजरांना (आणि कुत्र्याला पण) एकदमच ट्रीटमेंट द्यावी लागते, नाहीतर हा बरा झाला की तो सुरू.

वास, मळ सोडून वागण्यावर लक्ष ठेवा. सारखं डोकं झटकणं, कान सोफ्याला नाहीतर गादीला घासणं, हात लावला की कुईं करणं किंवा एरवी गरीब असलेल्या बोक्याने एकदम पंजा मारणं. जोरजोरात झटकून कधी पाळीच्या आतली रक्तवाहिनी फुटते आणि पाळी फुग्यासारखी टम्म फुगते, तेव्हा घरी सुई वगैरे टोचायला जाऊ नका प्लीज. फिरून आल्यावर अचानक एकच कान झटकायला लागला तर कुसळ किंवा गोचीड आत गेली असू शकते.

मान एका बाजूला कललेली, चालताना तोल जातोय, गोल गोल फिरतोय, बुबुळं इकडून तिकडे हलतायत, असं काही दिसलं तर त्रास मधल्या किंवा आतल्या कानापर्यंत गेलेला असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

घरगुती उपायांबद्दल मी जरा कडकच आहे. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली जाते आणि मग आत वळते, त्यामुळे इअरबड घातला की मळ अजून आत ढकलला जातो. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, गरम तेल, लसणीचं तेल, काही नको. टी ट्री ऑइल तर मांजरांना विषारीच आहे, आणि कुत्र्याचं परमेथ्रिनवालं (पिसवा-गोचिडांचं) औषध मांजराला चुकूनही लावू नका. मागच्या वेळचे उरलेले ड्रॉप्सही नकोत, कानाचा पडदा फाटलेला असेल तर काही औषधांनी कायमचं ऐकू येणं जाऊ शकतं.

वारंवार होत असेल तर डॉक्टरांना ॲलर्जीबद्दल विचारा, कुत्र्यांमध्ये बऱ्याचदा मूळ तिथेच असतं, पंजे चाटत असेल तर तेही सांगा.

आणि जायच्या आधी कान पुसून चकाचक करू नका हं, त्यातलाच मळ स्लाइडवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायचा असतो. फक्त फोनवर एक फोटो काढून ठेवा, क्लिनिकमध्ये गेल्यावर आपली लेकरं कान दाखवतीलच असं नाही.