भिंतीवरची गोधडी: लुगडं, पाग आणि तिसऱ्या

आमचं घर कोकणात, हर्णै बंदराच्या बाजूचं. आजोबांचा पाग, म्हणजे हाताने फेकायचं मासे धरायचं जाळं, फाटून माळ्यावर पडला आणि आजीमागे तिची लुगडी ट्रंकेत राहिली. अशा वस्तू आणि किनाऱ्यावरचे शिंपले घेऊन मी भिंतीवर टांगायची गोधडी शिवते. अंगावर घ्यायची नव्हे, शिंपले टोचतात.

आधी माणसं विचारा, मग सुई हातात घ्या. मी हिरवं लुगडं काढलं तर आत्या म्हणाली, "हे कशाला? संध्याकाळी माशांच्या लिलावाला आई जांभळंच नेसायची." म्हणून बंदराचा भाग जांभळ्यावर आला. ज्याची आठवण, त्याच्याच कापडावर ती वस्तू टाचायची. शिंपला कितीही देखणा असला आणि घरात त्याची गोष्ट कुणाकडेच नसली, तर मी तो घेत नाही.

लुगडं उजेडासमोर धरा. विरलेला भाग आतल्या थरात घाला, धड भाग वर. काठ चौकटीला ठेवा. कच्चे टाके घालून थर धरा आणि कडेपासून आत धावदोरा घालत या.

ओहोटीला वाळूत रिकाम्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्यांची कवचं, मिळतात. काहींना वरच्या टोकाजवळ नीट गोल भोक असतं. ते एका शिकारी समुद्री गोगलगायीने पाडलेलं असतं, आतला जीव खायला. आपलं भोक पाडायचं काम वाचतं! बाकीच्यांना पाण्यात बुडवूनच बारीक ड्रिलने भोक पाडा, म्हणजे भुकटी नाकात जात नाही. शंख उचलताना आत खेकडा नाही ना, बघा. प्रवाळ आणि पंख्यासारखे पसरणारे समुद्रपंखे किनाऱ्याला लागलेले असले तरी उचलू नका, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे.

सगळं गोड्या पाण्यात रात्रभर भिजवा, पाणी बदला. मीठ राहिलं तर ते हवेतली ओल धरतं आणि कापडाला बुरशी येते. व्हिनेगरने चकाकी आणायला जाऊ नका, शिंपला चुन्याचा असतो, आम्लाने झिजतो.

होडीचा गंजका खिळा सापडला तर त्याचा रंग होतो. मांजरपाट हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवा, पुन्हा ओलं करून खिळ्याभोवती गुंडाळा. दुसऱ्या दिवशी करडे-काळे डाग उमटलेले दिसतील. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून धुवा. गंज धागा खातो, तेव्हा हा प्रयोग जुन्या लुगड्यावर मुळीच नको.

पागाचा तुकडा काजटाक्याने कडेला धरा, मधून सैल सोडा. ताणला की जाळं वाटतच नाही. शिंपल्याला मेण लावलेला दुहेरी दोरा आणि मागून कापडाची चकती, नाहीतर वजनाने कापड फाटतं. पागाच्या शिशाच्या गोळ्या खालच्या काठात शिवून टाका, गोधडी सरळ लोंबते. पण शिसं विषारी. हात धुवा, आणि पोरांचा हात पोचेल इतकं खाली टांगू नका.

वर खोळ शिवून बांबू घाला. पावसाळ्यात मात्र उतरवून ठेवा, आमच्याकडच्या भिंती पाझरतात.