देशाची ऊर्जा-जोखीम कशी मोजायची

‘आपण इतके टक्के तेल आयात करतो’ या एका आकड्यावर थांबू नका. माल कोणत्या वाटेने येतो आणि त्याचे पैसे कशातून फेडले जातात, हे त्यात दिसत नाही.

सुरुवात निव्वळ आयातीपासून करा: कच्चे तेल आणि तयार इंधनाची आयात, वजा निर्यात. वायूचा हिशेब वेगळा ठेवा. टँकर दुसऱ्या बंदराकडे वळवता येतो, पाइपलाइन नाही. ऑगस्ट २०२२ अखेर रशियाहून समुद्राखालून जर्मनीला येणाऱ्या नॉर्ड स्ट्रीम १ या पाइपलाइनमधला वायू थांबला, तेव्हा जर्मनीकडे द्रवरूप वायू उतरवायला स्वतःचे टर्मिनल नव्हते. पहिले डिसेंबरमध्ये विल्हेल्म्सहाफेन या जर्मन बंदरात सुरू झाले.

मग आयातीतल्या प्रत्येक पुरवठादाराच्या टक्केवारीला तिनेच गुणा (म्हणजे वर्ग काढा) आणि सगळ्यांची बेरीज घ्या. ५०, ३० आणि २० टक्के असे तिघे असतील तर ३८००. प्रत्येकी २० टक्क्यांचे पाच असतील तर २०००. आकडा लहान तितके बरे. पण इथेच बहुतेक जण फसतात: पाचही जणांचा माल इराण आणि ओमानमधल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येत असेल, तर तो २००० कागदावरच राहतो. २०२४ मध्ये या चिंचोळ्या वाटेने दिवसाला सुमारे २ कोटी बॅरल तेल जात होते. म्हणून हीच बेरीज मार्गनिहाय पुन्हा करा.

साठा दिवसांत मोजा: वापरण्याजोगा साठा भागिले रोजची निव्वळ आयात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा सदस्य देशांसाठीचा निकष ९० दिवसांचा आहे. टाक्यांच्या तळाचे तेल उपसता येत नाही, त्यामुळे १० टक्के वजा करा. शिवाय साठ्यातले तेल आपल्या रिफायनऱ्यांना चालते का, तेही पाहा. हलक्या तेलासाठी बांधलेल्या कारखान्यात जड, गंधकयुक्त तेल ओतून भागत नाही.

आता पैसा. रोज १० लाख बॅरल आयात असेल, तर भाव बॅरलमागे १० डॉलरने चढताच वर्षाला ३६५ कोटी डॉलर जादा लागतात. ही रक्कम परकीय गंगाजळीशी आणि नजीकच्या कर्जफेडीशी ताडून पाहा. त्याच वेळी चलन घसरले, तर देशी चलनातले बिल दुहेरी वाढते. २०२२ मध्ये श्रीलंकेत पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा जगात तेल होते. देशाकडे डॉलर नव्हते.

निर्यातदार देशाने हेच गणित उलटे मांडावे: ग्राहक किती, आणि सरकारी महसुलात तेलाचा वाटा किती.