मुलाचा डीएमडी जीनचा रिपोर्ट घरी बसून कसा वाचायचा

माझ्या भाच्याचा रिपोर्ट आला तेव्हा काउंटरवरून नुसता लिफाफा हातात मिळाला, आत चार पानं इंग्रजी, समजावून सांगायला कोणी नाही, आणि ताई फोनवर रडत विचारतेय की यात नक्की लिहिलंय काय. मला पण कळत नव्हतं. मग बसून शिकलो, ते इथं लिहितोय. निदान डॉक्टरच करणार, पण जेनेटिक्सच्या डॉक्टरांसमोर बसताना नेमके प्रश्न विचारता यावेत एवढं तरी आईबापांना यायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

पहिला गोंधळ नावाचा. डीएमडी हे आजाराचं पण नाव (डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे मुलाचे स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारा आजार) आणि जीनचं पण. जीन एक्स क्रोमोसोमवर आहे, माणसाच्या सगळ्यात मोठ्या जीन्सपैकी एक, डीएनएच्या सुमारे २२ लाख अक्षरांचा, पण प्रोटीन बनवायला त्यातली जेमतेम ११ हजार अक्षरं लागतात आणि ती ७९ तुकड्यांत विखुरलेली असतात. या तुकड्यांना एक्सॉन म्हणतात. बनणारं प्रोटीन म्हणजे डिस्ट्रोफिन. मांडव डोळ्यासमोर आणा, बांबू म्हणजे पेशीचा आतला सांगाडा, कापड म्हणजे पेशीचं आवरण, आणि दोघांना बांधणारी सुतळी म्हणजे डिस्ट्रोफिन. स्नायू आखडला की कापडाला ताण बसतो, सुतळी नसेल तर ते फाटत जातं आणि आतलं सीके नावाचं एन्झाइम रक्तात गळतं, म्हणून या मुलांचं सीके हजारांत येतं.

इथं एक सांगतो कारण यात आमचे आठ महिने गेले. एसजीओटी आणि एसजीपीटी ही लिव्हरच्या तपासणीत बघतात ती एन्झाइम्स स्नायूत पण असतात, त्यामुळे ते पण वाढलेले येतात आणि पोरगं लिव्हरच्या औषधांवर जातं. मूल उशिरा चालायला लागलंय, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकतंय, पोटऱ्या जाड दिसतायत आणि एसजीपीटी वाढलंय तर आधी सीके करा म्हणून डॉक्टरांना स्वतःहून सांगा. जीजीटी (हे लिव्हरचं एन्झाइम, स्नायूच्या आजारात वाढत नाही) नॉर्मल असेल तर लिव्हरपेक्षा स्नायूकडे संशय जास्त.

आता रिपोर्ट. आधी टेस्ट कुठली केलीय ते बघा. एमएलपीए असेल तर ७९ च्या ७९ एक्सॉन मोजलेले असतात, कुठला गायब आहे, कुठला डबल झालाय हे कळतं. जुन्या पद्धतीच्या मल्टिप्लेक्स पीसीआरमध्ये ठरावीकच एक्सॉन बघतात, गळती (म्हणजे गायब झालेला भाग, रिपोर्टमध्ये डिलिशन) कुठून कुठपर्यंत आहे ते नीट कळत नाही आणि पुढचं सगळं गणित त्या हद्दीवरच असतं, म्हणून तसा रिपोर्ट असेल तर एमएलपीए करून घ्या. एमएलपीए नॉर्मल आलं म्हणजे आजार नाही असं अजिबात नाही, साधारण चारातल्या एका मुलात एखाद्या अक्षराचीच चूक असते, ती सिक्वेन्सिंगमध्येच, म्हणजे अक्षर न् अक्षर वाचणाऱ्या टेस्टमध्येच सापडते. आणि एकच एक्सॉन डिलीट दाखवला असेल तर दुसऱ्या पद्धतीने खात्री केलीय का विचारा, कारण प्रोब (एक्सॉन ओळखायला टेस्टमध्ये वापरतात तो डीएनएचा छोटा तुकडा) बसतो त्या जागी छोटा बदल असला तरी एक्सॉन गायब असल्यासारखं दिसतं.

मग ती मुख्य ओळ येते, "हेमिझायगस डिलिशन, एक्सॉन ४८ ते ५०" असं काहीतरी. हेमिझायगस म्हणजे मुलाला एक्स एकच, बदली कॉपी नाही. आता बघायचं इन-फ्रेम की आउट-ऑफ-फ्रेम. पेशी अक्षरं तीन-तीन करून वाचते. हे वाचा: कमल भरत मदन गगन. भरत पूर्ण काढला तर कमल मदन गगन, एक नाव गेलं पण बाकीची शाबूत. पण नुसता भ काढला आणि तीन-तीनच वाचलं तर कमल रतम दनग गन, पुढचं सगळं वाया. म्हणजे गेलेल्या अक्षरांना तीनने भाग जातो का एवढंच बघायचं, जात असेल तर इन-फ्रेम, नसेल तर आउट-ऑफ-फ्रेम. एक्सॉन ४८ मध्ये १८६, ४९ मध्ये १०२, ५० मध्ये १०९, बेरीज ३९७, भाग जात नाही. सुतळी मधेच तुटली, दुसरी गाठ बसतच नाही, हा डुशेनकडे जाणारा प्रकार. आता ४५ ते ४७ बघा, १७६ अधिक १४८ अधिक १५० म्हणजे ४७४, भाग जातो. सुतळी आखूड झाली पण दोन्ही टोकांच्या गाठी आहेत, हा बहुतेक वेळा बेकर, म्हणजे सौम्य प्रकार. गळती ४८ ते ५० पेक्षा मोठी असून त्रास कमी, हे मला पहिल्यांदा खरंच वाटेना.

हा नियम बहुतेक मुलांना लागू पडतो, सगळ्यांना नाही. एक्सॉन ३ ते ७ ची गळती आउट-ऑफ-फ्रेम असून कित्येकदा सौम्य निघते. म्हणून रिपोर्टपेक्षा मूल कसं चालतंय ते आधी बघायचं.

याच गणितावर एक्सॉन स्किपिंगची औषधं आहेत. ३९७ मध्ये एक्सॉन ५१ चे २३३ मिळवा, ६३० होतात, भाग जातो. म्हणजे ५१ मुद्दाम वगळला तर पुढचं वाचन रुळावर येतं. एटेप्लिर्सेन याच कामाचं, अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झालं. आजार बरा करत नाही आणि प्रचंड महाग आहे, पण आपल्या मुलाचा कुठला एक्सॉन वगळावा लागेल ते वहीत लिहून ठेवा, ट्रायलची (नव्या औषधाच्या चाचणीची) चौकशी करताना पहिला प्रश्न तोच येतो.

शेवटचं आणि लोक टाळतात ते, आईची टेस्ट. साधारण दोन तृतीयांश मुलांत बदल आईकडून आलेला असतो, बाकीच्यांत नवीन घडलेला. यात आईचा दोष काडीचाही नाही, हे सासरच्यांना मी स्वतः बसून सांगितलं. आई कॅरियर (म्हणजे एका एक्सवर हा बदल असलेली) निघाली तर प्रत्येक मुलग्याला आजाराची आणि प्रत्येक मुलीला कॅरियर असण्याची शक्यता निम्मी, शिवाय आईने स्वतःचं हृदय पण तपासत राहायचं. तिचं रक्त निगेटिव्ह आलं तरी बदल तिच्या काही बीजपेशींत (ज्यांपासून मूल होतं त्या पेशींत) लपलेला असू शकतो, म्हणून पुढच्या वेळी दिवस राहिले की लगेच जेनेटिक्सच्या डॉक्टरांकडे जायचं. मावशांची टेस्ट पण करा, आमच्या धाकटीचं लग्न ठरलेलं होतं तरी आम्ही केली. माझी करावी लागली नाही, तो एक्स माझ्याकडे आला असता तर मी लहानपणीच आजारी पडलो असतो, त्यामुळे माझ्या मुलींना माझ्याकडून हे जाणार नाही.