अ‍ॅसिडिटीची गोळी रोज घेऊनही जळजळ थांबत नाही? या चुका टाळा

छातीत जळजळलं की आम्ल जास्त झालं, असं आपण धरून चालतो. बऱ्याचदा ते हवं तेवढंच असतं, फक्त नको तिथे पोचलेलं असतं. जठराला आतून चिकट श्लेष्मा आणि बायकार्बोनेटचं अस्तर आहे. अन्ननलिकेला तसं नाही. सामू (pH) १ ते २ असलेला, म्हणजे अतिशय आंबट रस तिथे चढला की आग होणारच. म्हणून जेवून लगेच आडवं होऊ नका, मध्ये दोन-तीन तास जाऊ द्या. आणि नुसती उशी वाढवू नका. त्याने मान वाकते, पोट दुमडतं. त्यापेक्षा पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो गोळीच्या वेळेत. ओमेप्रॅझोल किंवा पँटोप्रॅझोल जळजळ सुरू झाल्यावर, भरल्या पोटी घेतली जाते. उपाशी असताना जठराच्या पेशींमधले बरेचसे प्रोटॉन पंप, म्हणजे आम्ल बाहेर सोडणारी यंत्रं, आत निजलेले असतात. अन्नाचा वास आला, पहिला घास चावला, की मेंदूकडून पोटाकडे येणारा व्हेगस मज्जातंतू, गॅस्ट्रिन हे संप्रेरक आणि हिस्टामिन हे रसायन असे तिघे त्यांना जागं करतात. ही औषधं जागे पंपच बंद करतात आणि रक्तात टिकतात जेमतेम काही तास. त्यामुळे खाण्याआधी ३० ते ६० मिनिटं घ्या, आणि पूर्ण गुण यायला तीन-चार दिवस द्या. पहिल्याच दिवशी 'लागू पडत नाही' म्हणून डोस वाढवू नका.

दुसरं टोक म्हणजे महिनोन्‌महिने घेतलेली गोळी एका दिवसात सोडणं. जठरात आम्ल वाढलं की सोमॅटोस्टॅटिन हे दुसरं संप्रेरक गॅस्ट्रिनला आवर घालतं. गोळीने आम्लच दबलं की हा लगाम सैल पडतो आणि गॅस्ट्रिन चढत जातं. मग गोळी थांबताच आम्ल उसळतं, आणि माणूस घाबरून पुन्हा गोळीकडे वळतो. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. अल्सरसाठी किंवा वेदनाशामकांच्या जोडीने दिली असेल, तर स्वतःच्या मनाने मुळीच थांबवू नका.

दुधाने घटकाभर बरं वाटतं खरं, पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम पुन्हा आम्ल सुटायला लावतात. खाण्याच्या सोड्याने गॅस होतो आणि सोडियमही पोटात जातं.

'जेवून घेतली की वेदनाशामक गोळी बाधत नाही' हा समज मला फार धोक्याचा वाटतो. आयबुप्रोफेनसारखी औषधं रक्तातून प्रोस्टाग्लँडिन घटवतात, म्हणजे ज्याच्या जोरावर जठराचं अस्तर टिकतं तेच. पोट भरलेलं असलं तरी हे टळत नाही.

अल्सरचं खापर तिखटावर किंवा ताणावर फोडून तपासणी टाळू नका. त्यामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असू शकतो. या शोधाला २००५चं नोबेल मिळालं. श्वासाच्या किंवा शौचाच्या चाचणीत तो सापडतो, आणि योग्य प्रतिजैविकांनी बहुतेकांच्या पोटातून जातो.

डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, घास अडकणं, आपोआप घटणारं वजन, यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांकडे जा. छातीतली कळ हातात किंवा जबड्यात उतरत असेल, घाम फुटला असेल, तर अ‍ॅसिडिटी समजून वाट पाहू नका. थेट रुग्णालय गाठा.