मोहाच्या झाडाखालून जाताना : विश्वासणाऱ्यांनो, या चुका टाळा

आमच्या पांढरकवड्याच्या भागात मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं गळतात. उजाडायच्या आधीच झाडाखाली पिवळट सडा पडलेला असतो. नेमका त्याच दिवसांत ईस्टरच्या आधीचा ४० दिवसांचा उपासकाळ येतो. म्हणजे सकाळी बाया टोपल्या घेऊन मोह वेचायला जातात आणि संध्याकाळी चर्चचे पाळकसाहेब मोहापासून दूर राहा म्हणून सांगतात. मागच्या बाकावरची पोरं दरवर्षी हसतात.

मी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, वडील (एल्डर) म्हणून काम करतो. माणसं माझ्याकडे पडल्यावर येतात, पाय घसरत असताना कुणी येत नाही. त्यामुळे चुका पाठ झाल्यात. काही तर माझ्याच आहेत.

मनात आलं म्हणजे पाप झालंच, असं धरून चालणं

तरुण पोरं इथेच अडकतात. "मनात घाण आली, आता उपासनेले कोणत्या तोंडानं येऊ?" अरे, ४० दिवसांच्या उपासानंतर खुद्द ख्रिस्ताची परीक्षा झाली, मत्तय ४ वाच. बायबलातल्या याकोबाच्या पत्रात तर (१:१४-१५) पायऱ्याच सांगितल्यात : आधी वासना ओढते, मग तिला गर्भ राहतो, मग पाप जन्मतं. विचार दाराशी येणं वेगळं आणि त्याला खाट टाकून चहा विचारणं वेगळं.

छाती काढून मोहासमोर उभं राहणं

सगळ्यात जास्त माणसं इथे पडतात. नात्यातल्या एका काकाजींनी दारू सोडली, मंडळीसमोर उभं राहून देवाने सोडवल्याची साक्षही दिली. पण बाजारातून घरी येताना रोज गुत्त्यासमोरूनच यायचे. विचारलं तर म्हणायचे, "देव हाय ना सोबत, मंग कायले भ्यायचं?" सोयाबीन विकलं त्या दिवशी खिशात पैसे होते, ओळखीच्या चार जणांनी हाक मारली आणि काकाजी आत गेले.

नंतर मी एवढंच म्हटलं, "काकाजी, रस्ता बदला."

"अर्धा कोस फेरा पडते ना बे!"

"पडू द्या."

मालकाच्या, म्हणजे पोटीफराच्या, बायकोने वाईट हेतूने वस्त्र धरलं तेव्हा योसेफ तिला उपदेश करत बसला नाही. वस्त्र तिच्या हातात सोडून पळाला (उत्पत्ति ३९). पळणं आपल्याला भित्रेपणाचं वाटतं, कारण आपल्याला साक्षीत सांगायला लढाई हवी असते. काकाजींनी रस्ता बदलला. एटीएम कार्ड आता काकूंच्या बटव्यात असतं, आणि पिन काकाजींना माहीत नाही. याला कुणी अविश्वास म्हणेल, मी शहाणपण म्हणतो.

नुसत्या बंदीवर मात्र विसंबू नका. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ला झाली आणि २०२१ ला उठली. ज्याला प्यायची त्याला दोन्हीकडे मिळत होती.

मोह म्हणजे फक्त दारू आणि बाई, असं समजणं

पोळ्याला बैलाच्या गळ्यात माळ घालावी की नाही, यावर आमच्याकडे तासभर वाद चालतो. तराजूवर कुणी बोलत नाही.

माझंच सांगतो. एका साली भाव पडला होता, वेचणीची मजुरी डोक्यावर होती. रात्री धुतलेल्या फवारणी पंपाने कापसाच्या गंजीवर पाणी मारलं. वजन वाढतं, सगळेच मारतात. पाणी मारताना मी सवयीने गीत गुणगुणत होतो, हे मला मध्येच लक्षात आलं. तरी हात थांबला नाही. सीसीआयकडे, म्हणजे सरकारी कापूस खरेदीला, जायची सोयच नव्हती. तिथे ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात आणि १२ च्या वर कापूस घेतच नाहीत. म्हणून खाजगी व्यापाऱ्याकडे नेला. त्याने गंजीत कोपरापर्यंत हात घातला, बाहेर काढून तळवा पाहिला आणि म्हणाला, "चर्चवाले ना तुम्ही?" भाव किती कापला ते आठवत नाही. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे, हे नीतिसूत्रे ११:१ मात्र त्यानंतर मला मोठ्याने वाचवत नाही.

कुणालाच न सांगणं, किंवा सगळ्यांना सांगणं

याकोब ५:१६ एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगतो. पण वीस-पंचवीस घरांची मंडळी, सगळे एकमेकांचे सोयरे! बुधवारच्या प्रार्थनेत "एका भावासाठी विनंती आहे, नाव घेत नाही" असं म्हटलं की रात्रीपर्यंत नाव गावभर होतं. ही चहाडीच आहे, प्रार्थनेचे कपडे घातलेली. म्हणून एकच माणूस धरा, वयाने मोठा, पोटात गोष्ट ठेवणारा. फोन रात्री अकराला उचलणारा असेल तर उत्तमच, कारण मोबाइलवरचा पत्त्यांचा डाव आणि नको ते व्हिडिओ त्याच वेळेला सुरू होतात.

पडल्यावर गायब होणं

प्रभुभोजनाच्या (चर्चमध्ये भाकर आणि प्याला घेण्याच्या) रविवारी नेमकी कुणाची तरी तब्येत बिघडते. पुढच्या महिन्यात परत. मग वर्ष जातं. येशूचा शिष्य पेत्र, त्याने येशूला तीनदा नाकारलं, कोंबडा आरवला, तो बाहेर जाऊन रडला. पण पुन्हा त्याच शिष्यांत येऊन बसला. येशूला धरून देणारा यहूदा परत आला नाही.

काकाजी त्यानंतर दोनदा पडले. दोन्ही वेळा पुढच्याच रविवारी आले, शेवटच्या बाकावर बसले. आता काही वर्षं झाली, फेऱ्याच्या वाटेनेच येतात. त्या वाटेवर मोहाची तीन झाडं आहेत. मार्च लागला की तिथून जाताना काकाजी नाकाला दुपट्टा लावतात आणि माझ्याकडे बघून म्हणतात, "तूच सांगतली होती ना ही वाट?"